अपडेटनंतरची अक्षरं

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी कंबर काय म्हणते? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरची अक्षरं ठिकाणावर नाहीत.

हसू नकोस. शाळेच्या पुस्तकांची प्रुफं वाचण्यात माझी अर्धी हयात गेली. मला अक्षर कळत नसेल तर जगात काहीच कळत नाही असं समज.

झालं असं, की आमच्याकडच्या सगळ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. फुकट मिळतं म्हणून संपादकबाईंनी आणलं, आणि खोटं कशाला बोलू, इतकी वर्षं गुण्यागोविंदाने चाललं होतं. गेल्या सोमवारी आमच्या सिस्टिमवाल्याने सगळ्या मशीनवर नवीन अपडेट चढवलं. मंगळवारी सकाळी मी पिशवी खुर्चीला अडकवली, मशीन सुरू केलं आणि बघतच राहिले. शब्द तेच, ओळी त्याच, पण कोणीतरी पिळून वाळत घातल्यासारख्या. काळ्याचं राखाडी झालेलं. उभे दांडे बारीक, काठ पुसट. अनुस्वार म्हणजे माशी बसून उडाल्यावर राहतो तेवढा डाग.

सिस्टिमवाल्याला बोलावलं. तो तिशी-पस्तिशीचा, कानात कायम काहीतरी घातलेलं असतं, ते एका बाजूचं काढून माझ्या स्क्रीनकडे बघतो.

"काही बदललेलं नाही, मॅडम. फॉन्ट तोच आहे. नाव बघा ना वर."

"नाव तेच असेल रे, पण माणूस तो नाही."

"मग रिस्टार्ट करून बघा."

केलं. पुन्हा केलं. मग तो म्हणाला, "चष्म्याचा नंबर बघून घ्या एकदा."

ताई, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या डीटीपीवाल्याला विचारलं, तुला फरक दिसतो का? तो आयुष्यात कोणाच्या बाजूने बोललेला नाही. म्हणाला, "थोडंसं वेगळं वाटतंय, पण चालतंय की." घरी येऊन यांना सांगितलं, तर आमचे गृहस्थ टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "तुला पहिल्यापासून कशातही खोट काढायची सवय." त्या तिरमिरीत चहा ओतला तो कपाऐवजी बशीत. त्यावरही टोमणा ऐकला. राग आला की माणसाचा हात हलतो, एवढंही कळू नये!

फोन करू नकोस. फोनवर तू उलटतपासणी घेतेस. सावकाश पत्र लिही.

तुझी,
ढमी


१८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र पोचलं. कंबर बरी आहे हे वाचून बरं वाटलं. भावोजींना म्हणावं, खोकल्याचं औषध बाटलीत ठेवून बरं वाटत नसतं.

तू आख्ख्या पत्रात एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली आहेस. तिचं उत्तर मी देणार नाही. सिस्टिमवाला चष्म्यावर घसरला तो घसरला, तू पण? मी कॉम्प्युटरबद्दल लिहिते आहे, ताई. कॉम्प्युटरबद्दल.

तर ऐक कॉम्प्युटरबद्दल. सिस्टिमवाला हात झटकून मोकळा झाल्यावर मीच मागे लागले. अक्षरं कशी दाखवायची याची सेटिंग्ज मशीनमध्ये असतात, हे मला या वयात कळलं. अक्षरांचे काठ किती मऊ करायचे, दांडे स्क्रीनच्या ठिपक्यांवर किती घट्ट बसवायचे, सगळं ठरवता येतं. काठ मऊ करणं बंद केलं, तर अक्षरं करवतीसारखी झाली. पूर्ण घट्ट केलं, तर मात्रा एका बाजूला आणि अक्षर दुसऱ्या बाजूला. मोठी केली तर ओळ पानाबाहेर. एक उपाय इंटरनेटवर सापडला, तो करून बघितला, तर मराठी ठीक राहिलं पण मेनूतली इंग्रजी अक्षरं एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसली. ते परत जागेवर आणण्यात सकाळ गेली. जगभरच्या लोकांनी हेच रडगाणं लिहून ठेवलंय, आणि प्रत्येकाच्या खाली कोणीतरी शहाणा म्हणतो, "माझ्याकडे सगळं नीट दिसतं." त्या माणसाला भेटायची माझी फार इच्छा आहे.

आता वाईट बातमी. दुसरीच्या पुस्तकात एक धडा आहे, वर्गात कसं वागावं. त्यात वाक्य आहे, 'मुलांनी वर्गात दंगा करू नये.' छापून आलं, 'मुलांनी वर्गात दगा करू नये.' एक अनुस्वार, ताई. गठ्ठे शाळांकडे निघायच्या बेतात होते. एका शिपायाने सहज चाळताना वाचलं आणि मोठ्याने हसला, म्हणून कळलं. सगळं ऑफिस हसलं. मीही हसले. मग स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

संपादकबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं."

"स्क्रीनवर अनुस्वार दिसतच नाही, बाई. अपडेट झाल्यापासून सांगते आहे."

"बाकीच्यांना दिसतो."

"बाकीचे वाचत नाहीत. बघतात."

त्या थोडा वेळ पेनाचं टोपण उघडत आणि लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "थोडे दिवस हलकं काम घ्या. पहिली-दुसरीची पुस्तकं मी दुसऱ्या कोणाला देते. तुम्ही पत्ते आणि लेबलं बघा."

पत्ते आणि लेबलं! मी प्रुफं वाचायला शिकवलेल्या मुली माझी पुस्तकं वाचणार आणि मी खोक्यांवरची लेबलं तपासणार. घरी येताना इतकी तणतणत चालले होते, की जिन्याची शेवटची पायरी चुकले. गुडघा फुटला, बाकी काही नाही. यांनी हळद लावली आणि या वेळी काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

पण मी सोडणार नाही. फॉन्ट बदललेला आहे. मला माहीत आहे तो बदललेला आहे. आणि मी ते दाखवून देणार आहे.

पुढच्या पत्रात कंबर, खोकला आणि नातवंडं यांच्याबद्दलच लिही. बाकी काही विचारलंस तर उत्तर मिळणार नाही.

तुझी,
ढमी


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार, नमस्कार, त्रिवार नमस्कार! मी जिंकले.

सांगते. मला पुरावा हवा होता. अपडेटच्या आधी स्क्रीनवर अक्षरं कशी दिसायची हे कोणाच्याच लक्षात नाही, आणि माझ्या सांगण्यावर कोणाचा विश्वास नाही. लेबलं तपासता तपासता डोक्यात आलं, की जानेवारीत आमचे हिशेबनीस निवृत्त झाले, तेव्हा सगळ्यांनी माझ्या टेबलाजवळ उभं राहून फोटो काढला होता. मी फोनमध्ये शोधला. सापडला. हिशेबनीस मधोमध, गळ्यात हार, डीटीपीवाल्याचे डोळे मिटलेले, आणि त्याच्या खांद्यामागे माझा स्क्रीन. त्यावर तिसरीच्या पुस्तकाचं पान उघडं.

फोटो मोठा केला. ठळक, काळी, ठसठशीत अक्षरं. अनुस्वार म्हणजे मोहरीएवढा. तेच पान मशीनवर उघडलं आणि फोन स्क्रीनशेजारी धरून सिस्टिमवाल्याला हाक मारली. या वेळी त्याने दोन्ही कानांतलं काढलं.

तो फोटोवरून स्क्रीनवर आणि स्क्रीनवरून फोटोवर बोट नेत राहिला. मग म्हणाला, "'क्ष' वेगळा आहे."

"फक्त 'क्ष'?"

"नाही... 'ल' पण वेगळा आहे. 'श' पण. मॅडम, हा आपला फॉन्टच नाही."

मी त्याला मिठी मारायची बाकी होते.

मग तो खुर्ची ओढून बसला आणि स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एकेक ओळ लिहीत मशीनची झडती घ्यायला लागला. मशीनला विचारता येतं, हे नाव मागितलं तर तू प्रत्यक्षात कुठला फॉन्ट देतोस? मशीनने सरळ सांगितलं, दुसराच देतो म्हणून! गंमत बघ. आमचा फॉन्ट पूर्वीच्या एका माणसाने एका जुन्या फोल्डरमध्ये ठेवला होता. नवीन अपडेट त्या फोल्डरमध्ये डोकावतच नाही. फॉन्ट सापडला नाही, तर गप्प बसून त्याच्यासारखा दिसणारा दुसरा लावून देतं, आणि वर नाव मात्र जुनंच दाखवतं. एक शब्द विचारत नाही. शिवाय काठ मऊ करायची पद्धतही अपडेटने स्वतःच्या मनाने बदलून ठेवली होती, म्हणून सगळं राखाडी. म्हणजे एक सोडून दोन बिघाड, आणि मी एक दुरुस्त करायला गेले की दुसरा आडवा यायचा.

फॉन्ट त्याने नवीन जागी नेऊन ठेवला, मशीनला फॉन्टची यादी नव्याने करायला लावली, काठांची जुनी पद्धत परत आणली. स्क्रीन एकदा मिटला आणि उघडला. डीटीपीवाला म्हणाला, "वा! अगदी पूर्वीसारखं." या माणसाने पहिल्यांदा स्पष्ट मत दिलं! सिस्टिमवाला माझ्याकडे वळून म्हणाला, "सॉरी मॅडम. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं." संपादकबाई स्वतः उठून बाहेर आल्या, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दुसरीचं पुस्तक परत तुमच्याकडे." लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. घरी यांना सांगितलं, तर म्हणाले, "मग बरोबर होतीस तू." लग्नाला एवढी वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हा मी आनंदात आहे. तू काळजी करत होतीस ती सोडून दे.

आज आईची फार आठवण येते आहे. शेवटी शेवटी ती आपल्याशी बोलताना आपल्या कानाकडे बघायची, ते आठवतं का तुला? मला वाटायचं, ही रुसली आहे. का आठवलं कोण जाणे. अजून खूप लिहायचं होतं, पण इथेच थांबते.

तुझी,
ढमी


८ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं अभिनंदनाचं पत्र आलं. ते दोनदा वाचलं आणि लाज वाटली, म्हणून हे लिहायला बसले. मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नाही. फक्त मध्येच थांबले.

टाळ्या वाजल्या आणि सगळे आपापल्या जागी गेले. मी दुसरीचं पान उघडलं. अक्षरं खरोखरच पूर्वीसारखी झाली होती. काळी, ठसठशीत. पण ओळीच्या मधोमध शिरोरेषा खाली झुकली होती. कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी. मला वाटलं, अजून काहीतरी राहिलंय. सिस्टिमवाल्याला हाक मारायला तोंड उघडलं, आणि हाक मारली नाही.

मी चष्मा पुसायचं नाटक केलं आणि डावा डोळा झाकला. शिरोरेषा सरळ झाली. मग उजवा झाकला. झुकली. आणि झुकली तिथे एक पुसट ठिपका, त्या ठिपक्यात जे अक्षर येईल ते गायब. मी टेबलावरचं छापील पुस्तक उचललं. तिथेही तसंच. पुस्तकात कोणी अपडेट चढवत नाही ना, ताई.

आता खरं सांगते. मला हे अपडेटच्या आधीपासून माहीत होतं. न्हाणीघरातल्या फरशीच्या रेघा वाकड्या दिसायला लागल्या होत्या. मी म्हटलं, गवंड्याने नीट बसवलेल्या नाहीत. ती न्हाणी बांधून किती वर्षं झाली हे तुला माहीत आहे. मग दाराची चौकट वाकली. मग कॅलेंडरवरच्या एका तारखेला भोक पडलं. आणि मग एका सकाळी अक्षरं बिघडली, आणि ती खरोखरच बिघडली होती. ताई, त्या दिवशी मला हायसं वाटलं. मला वाटलं, मशीनच आहे तर! तू समजू शकशील? मी संतापले होते, भांडत होते, सगळं ऑफिस डोक्यावर घेतलं होतं, आणि आतून खूश होते. मला तो फॉन्ट बिघडलेला हवा होता. जोपर्यंत सिस्टिमवाला नाही म्हणत होता, तोपर्यंत माझं भांडण त्याच्याशी होतं. त्याने दुरुस्त केलं आणि भांडायला कोणी उरलं नाही.

'दगा' कोणामुळे झाला, फॉन्टमुळे की माझ्यामुळे, हे मला माहीत नाही. कधी कळणारही नाही.

यांना सांगितलं. टीव्ही चालू होता तो यांनी बंद केला. आईचं यांनीही जवळून बघितलं होतं, त्यामुळे समजावून सांगायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी यांनी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला. मी ऑफिसातून आले तर जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या काठाला यांनी पांढरी चिकटपट्टी लावलेली. त्या दिवशी पायरी चुकले नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. त्यांनी एक कागद समोर धरला, त्यावर नुसत्या उभ्या-आडव्या रेघांच्या चौकटी. म्हणाल्या, मधल्या टिंबाकडे बघा आणि रेघा कशा दिसतात सांगा. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मग थेंब घातले, फोटो काढले. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी पाणी झिरपतंय. आईला झालं होतं तेच. तिच्या वेळी कोणी काही करू शकलं नव्हतं, आता डोळ्यात इंजेक्शन देतात. बरेच महिने घ्यावी लागतील. गेलेलं सगळं परत येईल असं त्या म्हणाल्या नाहीत. उरलेलं बहुधा राखता येईल, म्हणाल्या.

"पहिल्यांदा रेघ वाकडी दिसली तेव्हाच का नाही आलात?"

"ऑफिसात काम होतं," मी म्हणाले. कसलं काम, ते सांगत बसले नाही.

संपादकबाईंनाही जाऊन सांगितलं. त्यांनी आधीच सगळ्यांसमोर मला शाबासकी दिली होती, तेव्हा सांगणं जास्त जड गेलं. सिस्टिमवाला दारात उभा होता, त्यानेही ऐकलं. बाई म्हणाल्या, "पुस्तक तुमच्याकडेच राहील. तुमच्यानंतर आणखी एकजण वाचेल." पूर्वीची मी असते तर तिथल्या तिथे राजीनामा दिला असता. या वेळी 'बरं' म्हणाले. सिस्टिमवाल्याने दुपारी येऊन, काही न विचारता, माझ्या स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून दिली, आणि या वेळी ओळ पानाबाहेर गेली नाही. चरफडत का होईना, मी त्याचे आभार मानले. मला मोठी अक्षरं नको होती, ताई. मला माझी होती तीच हवी होती.

आता तुझ्याबद्दल.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सख्खी भावंडं?" मी म्हटलं, थोरली बहीण आहे. "त्यांनी डोळे दाखवलेत?" मी 'हो' म्हणायला गेले, आणि लक्षात आलं, मला माहीतच नाही. प्रत्येक पत्रात तू माझ्या मागे लागलीस, डोळे तपासून घे, डोळे तपासून घे. स्वतःबद्दल तू एकदाही लिहिलं नाहीस. मी तुला विचारलंही नाही, कारण विचारलं असतं तर उलटून तू मलाच विचारलं असतंस. आईच्या डोळ्यांत थेंब तू घातलेस, तिला पेपर तू वाचून दाखवलास, ती तुला तुझ्या बांगड्यांच्या आवाजावरून ओळखायची. हा आजार आपल्या घरात तुझ्याइतका कोणाला माहीत नाही. म्हणजे माझ्यापेक्षा जास्त भीती तुलाच वाटत असणार, आणि मी मात्र सगळा वेळ तुझ्यावरच डाफरत होते.

पहिलं इंजेक्शन येत्या गुरुवारी आहे. यांना सुई बघूनच घेरी येते, म्हणजे तिथे दोन पेशंट व्हायचे. मला तुझी सोबत हवी आहे. शहाण्यासारखं वागायचा मला कंटाळा आलाय, मला तिथे कोणाचा तरी हात धरून भ्यायचं आहे.

आणि माझ्या पाठोपाठचा नंबर मी तुझ्या नावाने लावून आले आहे. तुला न विचारता. रागाव, खुशाल रागाव, पण इथे येऊन रागाव.

या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस. बॅग भर आणि निघ.

वाट बघते आहे.

तुझी धाकटी,
ढमी